झेंड्याखाली परकं कोण?

१५ ऑगस्ट जवळ आला की आमच्या हिंजवडीत दोन गोष्टी हमखास होतात. सिग्नलला कागदी झेंडे विकणारी मुलं दिसायला लागतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सुट्टीला जोडून कोण कुठे चाललंय?' याची चर्चा सुरू होते. लोणावळा, महाबळेश्वर, कोकण... ज्यांना कुठेच जमत नाही ते निदान उशिरापर्यंत झोपायचं तरी ठरवतात. मग चौदा तारखेला रात्री सेक्रेटरींचा मेसेज येतो, 'उद्या सकाळी आठ वाजता ध्वजवंदन. नंतर अल्पोपाहार.' साडेचारशे फ्लॅटची आमची सोसायटी. येतात किती? एका वर्षी मी मोजले. बत्तीस! त्यातली बारा लहान मुलं आणि चार वॉचमन, जे तसेही ड्युटीवरच होते.

मी काही फार वेगळी होते असं मुळीच नाही. खोटं कशाला बोलू? मीसुद्धा दोन-तीन वर्षं 'आज जरा निवांत' म्हणत बाल्कनीतूनच राष्ट्रगीत ऐकलंय, हातात चहाचा कप धरून. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर कप खाली ठेवला आणि सरळ उभी राहिले, एवढंच काय ते. आणि हीच मी, परदेशात असताना १५ ऑगस्टसाठी चार दिवस राबले होते! हा फरक का पडला, याचा विचार गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. तोच आज तुमच्यापुढे मांडतेय.

२०१२ साली ह्यांना कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलं. हिंजवडीच्या भाषेत 'ऑनसाइट'. इथे घराघरात हा शब्द आहे. 'आमचे ऑनसाइट आहेत' म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. स्टुटगार्ट हे मोटारींचं शहर, त्यामुळे पुण्याकडची बरीच कुटुंबं तिथे होती. पण आम्ही गेलो तेव्हा मला कुणीच माहीत नव्हतं. लेक सहा वर्षांची. भाषा येत नाही, थंडी सोसत नाही आणि बोलायला माणूस नाही!

पहिला १५ ऑगस्ट असाच आला. तिकडे कामाचा दिवस. हे नेहमीप्रमाणे सकाळी ऑफिसला गेले. लेकीने उठल्या उठल्या विचारलं, "आई, माझा पांढरा युनिफॉर्म कुठाय? आज झेंडावंदन ना?" तिला पुण्याच्या शाळेतली सवय. मी म्हटलं, "इथे नसतं गं." ती म्हणाली, "का? आपण इथे आहोत ना?" त्या 'आपण'चं उत्तर मला देता येईना. शेवटी वहीच्या कागदावर आम्ही दोघींनी तिरंगा रंगवला, चोवीस आरे मोजून काढले आणि काडीला चिकटवून खिडकीतल्या कुंडीत खोवला. दोघींनी 'जन गण मन' म्हटलं. दुसऱ्या कडव्याच्या आत... छे, आपलं राष्ट्रगीत तर एकाच कडव्याचं, पण तेवढंही मला रडू न येता पुरं करता आलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या जर्मन आजी दारात. खिडकीतला झेंडा त्यांनी पाहिला होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "आमच्या पिढीला झेंडा लावायची भीती वाटते. लहानपणी आम्ही इतके झेंडे पाहिले आणि त्यांनी काय केलं तेही पाहिलं." २००६ मध्ये त्यांच्या देशात फुटबॉलचा वर्ल्डकप झाला, तेव्हा पहिल्यांदा लोकांनी गाड्यांवर, गॅलऱ्यांत बिनधास्त झेंडे लावले म्हणे. त्याआधी घरावर झेंडा लावणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच बघायचे. मला नवलच वाटलं. झेंड्याची भीती वाटू शकते हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. आजी निघताना म्हणाल्या, "तुझा झेंडा मात्र छान आहे. छोटा आहे."

पुढच्या वर्षापर्यंत ओळखी झाल्या होत्या. बागेत मुलांना खेळवताना, भाजीच्या दुकानात, ट्राममध्ये 'तुम्ही मराठी का?' असं विचारत विचारत आम्ही आठ-दहा जणी जमलो. २०१३ चा १५ ऑगस्ट गुरुवारी होता. त्या पहाटे चारला उठून आम्ही लॅपटॉपवर लाल किल्ल्यावरचं भाषण पाहिलं. इथले साडेसात म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे पहाटेचे चार! पण एकत्र साजरं करायचं तर सुट्टी हवी, म्हणून रविवार, १८ तारीख ठरवली. हे काही आम्हीच करत होतो असं नाही. न्यूयॉर्कला १९८१ पासून भारतीयांची मोठी परेड निघते, तीही १५ ऑगस्टच्या जवळचा रविवार बघूनच. परदेशात आपला सण तिथल्या कॅलेंडरला विचारूनच करावा लागतो.

माझं माहेर नांदेडचं. नांदेडच्या खादी ग्रामोद्योगात तिरंगे तयार होतात. भावाला फोन केला, त्याने खादीचा झेंडा पाठवला. तेव्हा ध्वजसंहितेप्रमाणे झेंडा हाताने कातलेल्या, विणलेल्या कापडाचाच लागायचा. (पॉलिस्टर आणि मशीनवरच्या कापडाची परवानगी २०२१ च्या डिसेंबरात आली.) झेंडा हातात घेतला आणि आजोबा आठवले. आमच्याकडे, मराठवाड्यात, १५ ऑगस्ट १९४७ ला निजामाचं राज्य होतं. देश स्वतंत्र झाला आणि आमच्या गावात तिरंगा लावणं हा गुन्हा! आमची सुटका व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडला. आजोबा म्हणायचे, "आपल्याच घरात परकं असणं काय असतं, ते आम्हाला विचारा."

हॉल मिळाला तो एका क्रीडा मंडळाचा. भाडं जेमतेम, पण नियमांची यादी लांबलचक. रविवारी तिकडे शांतता पाळायची असते, त्यामुळे स्पीकर नाही. कचरा वेगवेगळा करायचा. दुकानंही रविवारी बंद, म्हणून सगळं सामान शनिवारीच भरलं. जिलेबी तर हवीच! १५ ऑगस्टला जिलेबी नाही म्हणजे आपल्याकडे दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. मैद्यात दही घालून पीठ रात्रभर आंबवलं. जिलेबी पाडायला केचपची रिकामी बाटली वापरली. पहिल्या घाण्यात जिलेबीऐवजी शेवया झाल्या, त्या मुलांनी तशाच पाकात बुडवून संपवल्या. आम्ही ज्यांच्याकडून बेसन-रवा आणायचो ते दुकानदार पाकिस्तानी होते. त्यांचा स्वातंत्र्यदिन आदल्या दिवशीचा, १४ चा. कशासाठी केशर हवंय ते कळल्यावर त्यांनी छोटी डबी पुढे केली आणि पैसे घेतलेच नाहीत. "बच्चों के लिए," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी साठेक माणसं जमली. मराठी, तमिळ, तेलुगू, पंजाबी, बंगाली. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. कुणाचा हुद्दा काय, पगार किती, जात कोणती, याची चौकशी करायला कुणाला सुचलंही नाही. हॉटेलात भांडी घासायचं काम करणारा एक पंजाबी मुलगा होता, त्याच्या शेजारी एका मोठ्या कंपनीचे मॅनेजर उभे होते. दोघांचेही डोळे सारखेच ओले. आणि ज्यांच्या ताब्यात हॉलच्या किल्ल्या होत्या ते केअरटेकर आजोबा! खरं तर त्यांचं काम आम्ही नियम पाळतो की नाही ते बघायचं. राष्ट्रगीत सुरू झालं तसे ते डोक्यावरची टोपी काढून शेवटपर्यंत ताठ उभे राहिले. त्यांना एक शब्द कळत नव्हता. त्यांचा तो देश नव्हता, गाणं नव्हतं, झेंडा नव्हता. पण आम्ही त्यांच्याकडे आलेलो होतो, एवढं त्यांना पुरलं.

लोक म्हणतात, 'तिथे डॉलर-युरो कमवायचे आणि इथल्या झेंड्यासाठी गळा काढायचा, याला काय अर्थ आहे?' अगदीच चूक नाही ते. फेटे बांधून फोटो काढण्यापुरतं देशप्रेम मीही पाहिलंय. पण या बाबतीत आपला इतिहास काय सांगतो पाहा. ज्या स्टुटगार्टमध्ये आम्ही जिलेब्या तळत होतो, तिथेच १९०७ च्या ऑगस्टमध्ये मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला होता. निमित्त होतं आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेचं, ठिकाण लिडरहाले हे सभागृह. (जुनी इमारत महायुद्धात गेली, आताची नंतर बांधलेली आहे.) मुंबईत जन्मलेली एक पारशी बाई परक्या देशात, परक्या लोकांसमोर उभी राहते आणि अजून अस्तित्वातच नसलेल्या स्वतंत्र देशाचा झेंडा दाखवते! वर हिरवा, मध्ये केशरी, खाली लाल असे पट्टे. हिरव्यावर आठ कमळं, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्', लाल पट्ट्यावर सूर्य आणि चंद्र. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी तो भारतात आणला आणि आज तो आपल्या पुण्यात, केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. भारतात परतल्यावर मी लेकीला मुद्दाम तो दाखवायला नेलं. मादाम कामा तीस वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्या, १९३५ मध्ये आजारी अवस्थेत परतल्या आणि पुढच्याच वर्षी, १३ ऑगस्टला गेल्या. १५ ऑगस्ट बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. तेव्हा परदेशात राहणाऱ्याचं देशप्रेम खोटं, असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग खोट आहे कुठे? मला वाटतं, खोट परत आल्यावर दिसते.

आम्ही २०१४ मध्ये परतलो. हिंजवडीतच घर घेतलं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझा १५ ऑगस्ट बाल्कनीतच गेला, ते वर सांगितलंच. मग लेकीने एका वर्षी ओढून खाली नेलं. ध्वजवंदन झालं, नाश्त्याची रांग लागली. तेवढ्यात गेटपाशी गडबड. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची दोन मुलं आणि त्यांच्याबरोबर पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांमधली आणखी पाच-सहा मुलं आली होती. धुतलेले कपडे, तेल लावलेले केस, हातात कागदी झेंडे. त्यांना आत यायचं होतं. गेटवर त्यांना अडवलं. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "नाश्ता मोजून मागवलाय. हा कार्यक्रम फक्त रहिवाशांसाठी आहे." मुलं गेली नाहीत. गजांना धरून आत बघत राहिली. आत आम्ही जिलेबी खात होतो.

मला त्या क्षणी स्टुटगार्टचे टोपी काढून उभे राहिलेले आजोबा आठवले. घास घशाखाली उतरेना. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. चार लोकांत वाईटपणा कशाला, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

कमिटीची बाजूही समजून घ्यायला हवी. एवढ्या मोठ्या सोसायटीत सुरक्षिततेची काळजी असते, चोऱ्या होतात, पैशांचा हिशेब द्यावा लागतो. ती माणसं वाईट नाहीत. त्यातले कितीतरी जण स्वतः ऑनसाइट राहून आलेले, तिकडे हॉल घेऊन १५ ऑगस्ट करणारे. म्हणून तर प्रश्न पडतो. परदेशात आपण झेंड्याखाली कुणालाही बोलावतो, कारण तिथे आपण सगळेच परके असतो. इथे आलो की आपण घरचे होतो आणि लगेच परकं कोण ते ठरवायला लागतो.

पण या हिंजवडीत घरचं कोण आहे हो? मुळशी तालुक्यातलं हे शेतीचं गाव. हनुमान जयंतीला म्हातोबाच्या उत्सवात इथे बगाड निघतं, त्याला पंचक्रोशी लोटते. आयटी पार्कसाठी एमआयडीसीने जमिनी घेतल्या, कंपन्या आल्या, मागोमाग आमच्यासारखे आले. मूळ गावकरी आपल्याच गावात ट्रॅफिकमध्ये अडकून बसलेत. फ्लॅटमध्ये राहणारे नागपूर, सोलापूर, कानपूर, कटकचे. वॉचमन ओडिशा-आसामचे. इमारती बांधणारे झारखंड, छत्तीसगडचे. आणि घरकाम करणाऱ्या बायका? त्यातल्या कितीतरी लातूर, परभणी, नांदेडच्या. म्हणजे माझ्या माहेरच्याच! दुष्काळाने घर सोडलं आणि इथे आल्या. मी कंपनीच्या तिकिटावर जर्मनीला गेले आणि त्या एसटीने हिंजवडीला आल्या. त्यांच्यासाठी हिंजवडी हाच परदेश. फरक इतकाच की त्यांच्या या परदेशात टोपी काढून उभं राहणारं कुणी नाही.

आम्ही चार-पाच मैत्रिणी मिळून त्या पत्र्याच्या खोल्यांजवळ संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. २०२२ मध्ये 'हर घर तिरंगा' मोहीम होती, तेव्हाची गोष्ट. मी मुलांना समजावून सांगत होते. २००२ च्या ध्वजसंहितेपासून सामान्य माणसाला आपल्या घरी वर्षभर कधीही तिरंगा लावता येतो. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा हक्क आहे असं सांगितलं. आणि आता तर घरावर तो रात्रीही ठेवता येतो. सगळं ऐकून घेतल्यावर नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमचं घर कोणतं धरायचं? हितलं का गावाकडलं? गावाकडल्या घराला कुलूप हाय आन् हितली खोली ठेकेदाराची हाय. मग झेंडा कुठं लावायचा?"

दहा वर्षांपूर्वी लेकीने विचारलेला प्रश्नच पुन्हा माझ्यासमोर उभा होता. 'आपण इथे आहोत ना?' या वेळी मात्र मी गप्प बसले नाही. "जिथं तू झोपतेस, जिथं तुझी आई भाकरी करते, ते घर. तिथं लाव," म्हटलं. त्या वर्षी त्या पत्र्यांवर अकरा झेंडे लागले. सोळा तारखेला सोसायटीच्या कचऱ्यात आम्हाला चुरगळलेले झेंडे सापडले, ते आम्ही गोळा केले. पत्र्यावरचा एकही झेंडा कचऱ्यात गेला नव्हता. मुलांनी घड्या घालून ट्रंकेत ठेवले होते.

पुढच्या वर्षी मी कमिटीच्या मीटिंगला गेले. भांडले नाही. स्टुटगार्टची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "वर्षभर जे आपलं घर राखतात आणि झाडतात, त्यांना वर्षातून एक तास आत बोलवू या. नाश्त्याचा जादा खर्च आम्ही बायका वर्गणीतून करू." बरीच चर्चा झाली. 'आज झेंड्याला बोलवाल, उद्या गार्डनमध्ये येतील,' असंही एकजण म्हणाले. शेवटी 'या वर्षी करून बघू' यावर ठरलं. त्या १५ ऑगस्टला मुलं आली. दोरी ओढली ती सोसायटीत सर्वांत जुन्या असलेल्या सफाईच्या मावशींनी. त्यांचा हात थरथरत होता. सोसायटीतल्या मुलांपेक्षा पत्र्याच्या खोल्यांतल्या मुलांनी राष्ट्रगीत जास्त बिनचूक म्हटलं, कारण ती जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज म्हणतात. सगळं काही बदललं असं मी म्हणणार नाही. गार्डनचं गेट त्यांना अजून बंदच आहे. पण १५ ऑगस्टला मुख्य गेट उघडं असतं आणि हजेरी बत्तीसवरून शंभरावर गेली आहे.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठे आयटी पार्क नि ऑनसाइट? पण जरा आठवून बघा. तुमच्या गावाबाहेर ऊसतोडीची, वीटभट्टीची पालं पडतात ना? २६ जानेवारी हा तर भर हंगामातला दिवस. त्या पालांवरची मुलं त्या सकाळी कुठे असतात? मुख्य रस्त्यावर फरशी बसवणारा बिहारी पोरगा, बँकेत बदलून आलेली तेलुगू बाई, शाळेच्या आवारात बांधकामाला आलेलं कुटुंब... त्यांना कधी कुणी 'उद्या झेंड्याला या हं' म्हटलंय? हळदीकुंकवाला आपण घरोघर बोलावणं करतो. झेंडावंदनाचं बोलावणं करायला काय हरकत आहे? एक घर, एक पाल, एक खोली. जाऊन सांगायचं, "सकाळी साडेसातला शाळेत या. मुलांना घेऊन या."

आणि तुमच्यापैकी कुणाची लेक-सून परदेशात असेल, तिने तिकडे झेंडावंदन केल्याचे फोटो पाठवले तर कौतुक जरूर करा. फक्त फोनवर तिला एक विचारा, "तुम्हाला हॉल कुणी दिला गं?" तिच्या उत्तरात कुणीतरी परका माणूस नक्की निघेल. त्याच्या वाटणीची एक जिलेबी आपल्याकडच्या परक्याला द्यायची. मोजून आणली असली तरी.